दीड शब्दाची मुलगी

वाचातज्ज्ञ मा हेरिनने कोरियातल्या जन्जू शहराच्या एका शाळेत बावीस मुलांचं बोलणं मोजलं. त्यातल्या एकवीस जणांचं बरोबर मोजलं. बाविसावी होती दुसरीतली ओक दाओन.

काम तसं सोपं. मुलाच्या हातात चित्रांचं पुस्तक द्यायचं, त्याने गोष्ट सांगायची, आपण फक्त "हं", "मग?" एवढंच म्हणायचं. नंतर सगळं बोलणं उतरवून संगणकाला द्यायचं, की मूल एका वाक्यात किती शब्द बोलतं ते तो सांगतो. बोलणाऱ्यांच्या यादीत पहिलं नाव मुलाचं, असं त्याला शिकवून ठेवलेलं. पण दाओनच्या वेळी हेरिन दमली होती, आणि मोठ्यांच्या वर लहानाचं नाव लिहायचं नाही हे तिच्या अंगात लहानपणापासून मुरलेलं. तिने स्वतःचं नाव वर लिहिलं, दाओनचं खाली.

संगणकाने इमानेइतबारे हेरिनला मोजलं. 'सरासरी वाक्य दीड शब्दाचं. पातळी दोन वर्षांच्या मुलाची.' हेरिनने न वाचताच शिक्का मारला आणि अहवाल शाळेला आणि दाओनच्या घरी पाठवून दिला.

तीन आठवड्यांनी वर्गशिक्षिकेचा फोन आला. "तुमचा अहवाल वाचून मी दाओनचं संमेलनातलं निवेदन काढून घेतलं हो. पण एक कळत नाही. तिला तर ते सगळं तोंडपाठ होतं!"

हेरिनने घाईघाईने रेकॉर्डिंग लावलं. दाओन सोळा मिनिटं न थांबता बोलत होती, मधे चित्रातल्या बदकाची बाजूही मांडत होती. आणि कुणी एक बाई मधूनमधून "हं. मग?" करत होती. हेरिनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी शिकलेली मी, आणि एका पोरीचं तोंड बंद केलं!

संध्याकाळी ती दाओनच्या घरी गेली. खाली आईचं किंबापचं, म्हणजे भाताच्या वळकट्यांचं दुकान, सातलाच बंद. वर दारात बूट काढून हेरिन थेट गुडघ्यांवर बसली आणि मान खाली घालून सगळं सांगितलं.

"म्हणजे माझी पोर धड आहे?" आईने विचारलं.

"धड? वर्गात पहिली आहे! चूक माझी आहे, ताई. मला फार लाज वाटते."

"अहो मॅडम, तीन आठवडे डोळ्याला डोळा लागला नाही माझ्या! सासूबाई म्हणाल्या, दिवसभर किंबाप वळतेस, लेकीशी कधी बोललीस का? तेव्हापासून सातला दुकान बंद, फोन बंद, जेवताना नुसत्या गप्पा. सुटले बाई! उद्यापासून पुन्हा दहापर्यंत उघडं ठेवते." आणि डोळे पुसत ती नाशपाती कापायला आत गेली.

दाओन कोपऱ्यात वही घेऊन बसली होती.

"निवेदन तुलाच मिळणार हं," हेरिन हळूच म्हणाली. "मी तुझ्या बाईंशी बोलले."

"ते मिळेल. पण गप्पा गेल्या ना."

हेरिनच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिने आत हाक मारली, "ताई, जेवतानाच्या गप्पा तेवढ्या चालू ठेवा हं!"

"आता कशाला?" आतून आवाज आला. "पहिली आहे म्हणालात ना?"

दाओनने वहीतला एक कोरा कागद फाडला आणि अदबीने, दोन्ही हातांनी हेरिनपुढे धरला.

"लिहून द्या ना, बाई. तुम्ही लिहिलं की आईला लगेच खरं वाटतं."