उठल्यावर गरम करायची गादी

सगळं जग झोपायच्या आधी अंथरूण गरम करतं. आमचे शेजारी कांबळेभाऊ उठल्यावर करतात.

सकाळी सात वाजता मी गॅलरीतल्या नळावर पाणी भरत असते. शेजारचं दार उघडं असतं. भाऊंची दाढी झालेली, अंगात स्वेटर, डोक्यावर कानटोपी. गॅसवर पाण्याचं पातेलं. पाणी खळखळलं की भाऊ ते शेकायच्या लाल रबरी पिशवीत भरतात, पिशवी टॉवेलात गुंडाळतात आणि नुकत्याच सोडलेल्या पलंगावर, भिंतीकडच्या बाजूला, पायथ्याशी सरकवतात. वरून गोधडी ओढतात, तिच्या कडा गादीखाली नीट दाबतात आणि चहाचा कप घेऊन बाहेर येतात.

नऊ वर्षांपूर्वी मी डिलाईल रोडच्या या चाळीत राहायला आले. पहिल्याच हिवाळ्यात मी विचारलं, "भाऊ, परत झोपणार आहात का?"

"छ्या! दिवस उगवल्यावर झोपतो काय माणूस?"

"मग पिशवी कुणासाठी?"

"गादीसाठी. रात्रभर माणसाची सवय झालेली असते तिला. एकदम उठून गेलं की रुसते."

मी कळशी उचलली.

मुंबईत कसली आलीय थंडी, असं बाहेरचे म्हणतात. त्यांनी भाऊंना भेटावं. भाऊंच्या खिडकीत खोबरेल तेलाची बाटली असते. डिसेंबर-जानेवारीत एखाद्या पहाटे त्या बाटलीच्या तळाशी पांढरं दिसलं की भाऊ गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन वर्दी देतात, "तेल बसलं! तेल बसलं!" त्या दिवसापासून आमच्या मजल्यावर हिवाळा. हवामान खात्याला जे वाटायचं ते वाटो. पारा सतरावर असला तरी भाऊंचं तेल चुकत नाही.

मी एका शाळेच्या कचेरीत काम करते. हजेरीपटांपासून फडताळांच्या किल्ल्यांपर्यंत सगळ्याच्या याद्या माझ्याकडे असतात आणि घरीही मी तशीच आहे. म्हणून भाऊ मला यादीबाय म्हणतात. त्यांची थंडीची शिकवणसुद्धा मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे. थंडी वरून येत नाही, खालून येते, म्हणून आधी गादीखाली वर्तमानपत्राचे दोन थर. ("वर चार पांघरुणं घ्याल आणि खाली गार लादी, तर थंडी हसते तुम्हाला.") चादर अंथरण्याआधी इस्त्री फिरवायची, तीही पायथ्याकडून. ओले केस घेऊन अंथरुणात शिरायचं नाही. गादीला आठवड्यातून एकदा ऊन दाखवायचं, पण चार वाजायच्या आत आत घ्यायची, नाहीतर ती संध्याकाळचा गारवा पिऊन बसते. हे सगळं मी करून पाहिलं आहे आणि सगळं खरं आहे. शेवटचा मुद्दा सकाळच्या पिशवीचा. त्याच्यापुढे मी प्रश्नचिन्ह काढून ठेवलं होतं.

"हे सगळं शिकलात कुठे?" असं विचारलं की भाऊ हसतात. "आडनावातच कांबळं हाय ना माझ्या." खरं म्हणजे परळच्या एका इस्पितळाच्या धुलाईघरात त्यांनी आयुष्यभर चादरींना इस्त्री केली. त्यांची बायको तिथेच आया होती. ती बारा वर्षांपूर्वी गेली, म्हणजे मी यायच्या आधी. तिचा भिंतीवरचा फोटो तेवढा मी पाहिलाय. एकुलती मुलगी, मनीषा, बदलापूरला असते.

त्या हिवाळी सकाळी मला फार आवडतात. समोरचे टॉवर कमरेपर्यंत धुरक्यात बुडालेले असतात, त्यामुळे वरचे मजले नुसतेच आभाळात टांगल्यासारखे दिसतात. नळाचं पाणी बोटांना चावतं. कुठेतरी कुणाच्या तरी फोडणीचा वास येतो, आणि बादली भरेपर्यंत आपण जागे आहोत की अजून अंथरुणातच आहोत, हे नक्की सांगता येत नाही. अशा वेळी भाऊंच्या दारातून वाफ बाहेर येते आणि तिचं काही नवल वाटत नाही.

गेल्या हिवाळ्यात भाऊ आठ दिवस मुलीकडे गेले. दुसऱ्याच दिवशी मनीषाचा फोन आला. "ताई, एक काम कराल? त्यांच्या गादीचे पार गठ्ठे झालेत. कंबर धरते त्यांची. मी सांगितलं की ऐकत नाहीत. ते इकडे आहेत तेवढ्यात पिंजून घ्याल?"

काम सांगितलं की मला बरं वाटतं. मी यादी केली: गादीवाला, खोळीचं कापड, गच्चीची किल्ली. भाऊंच्या खोलीची किल्ली माझ्याकडेच होती. चिंचपोकळीच्या पुलाजवळ एक म्हातारा गादीवाला अजून कापूस पिंजायची धनुकली घेऊन बसतो, त्याला रविवारी बोलावलं. त्याने गच्चीवर गादी पसरली, तिच्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "ताई, ये खड्डा बडा है, ये छोटा है. सोनेवाले दो हैं ना?"

"एकच आहेत."

"तो फिर दो खड्डे कैसे?"

"कूस बदलत असतील," मी म्हटलं. "तुम्ही सुरू करा."

त्याने खोळ उसवली. धनुकली बोलायला लागली, ट्यँव ट्यँव ट्यँव, आणि दगड झालेला कापूस हळूहळू जागा व्हायला लागला. तो उडाला, तरंगला, उन्हात चमकला. रुईच्या म्हाताऱ्या उडाव्यात तशी सगळी गच्ची पांढरी झाली. माझ्या केसांत कापूस, वहीवर कापूस. त्या एकसुरी आवाजाने माझे डोळे मिटायला लागले. अर्धवट झोपेत मला तो विचारताना ऐकू आला, "डबल की डबल बनाऊँ, या दो सिंगल? उठाने को हलकी पडेगी."

सत्तरीचा एकटा माणूस, उन्हात न्यायला हलकी गादी. "दोन सिंगल," मी म्हटलं.

भाऊ परत आले तेव्हा मी मुद्दाम गॅलरीत उभी होते. पलंगावर एक नवी, फुगलेली गादी होती. दुसरी गुंडाळून, दोरीने बांधून पोटमाळ्यावर ठेवली होती. भाऊ दारातच थांबले. हातातली बॅग खाली ठेवायचीही राहिली.

"दुसरी कुणाची?" त्यांनी विचारलं.

"पाहुण्यांना होईल."

"हां," ते म्हणाले. मग आत येऊन गादी दाबत, "छान केलीत हो यादीबाय. मऊ झाली."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्यांच्या दारातून वाफ आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. तेल गळ्यापर्यंत बसलेलं मला खिडकीतून दिसत होतं, पण वर्दी नव्हती. भाऊ चहाचा कप घेऊन कठड्याशी उभे राहत आणि समोरचे टॉवर बघत. सलग सहा दिवस झाले. सातव्या दिवशी मी नळ बंद केला.

"भाऊ, माझं काय चुकलं?"

"तुमचं काय चुकणार? तुम्ही पाठीचं बघितलंत."

"मग पिशवी का बंद?"

ते उंबऱ्यावर बसले आणि कानटोपी काढून त्यांनी गुडघ्यावर ठेवली. "ठेवू कुठे? भिंतीकडची बाजूच नाय राहिली."

मग त्यांनी सांगितलं. एकीकडे चहा गार होत होता.

"मनीच्या आईला कायमची रातपाळी. मला दिवसपाळी. सव्वीस वर्षं. मनीची सकाळची शाळा, पुढे कॉलेज, ती साडेसहाला निघायची. मनी गेली की मी माझ्या जागेवरून उठून भिंतीकडे सरकायचो. ती बाजू हिची. अर्धा तास पडून ती तापवायची, मग उठून पायथ्याला पिशवी. ही साडेसातला यायची. इस्पितळातून आलेली, तशी घरात शिरायची नाय. ह्याच नळावर पाय धुवायची. थंडीत पाय असे व्हायचे, मेलेल्यासारखे गार. मग आत येऊन गोधडीत पाय घालायची आणि म्हणायची, 'हाऽऽ.' तेवढं ऐकून मी कामाला जायचो."

"रजेच्या दिवशी?"

"माझी रजा रविवारी, तिची मंगळवारी. मंगळवारी रात्री हिला झोपच यायची नाय, सवय मोडलेली. बाहेर बसून तांदूळ निवडायची. पाळीपाळीनं झोपलो बघा, एक उठला की दुसरा. ती गादी सव्वीस वर्षांत कधी गार पडली नाय."

"मनीषाला हे—"

"मनी शाळेत. तिला काय माहीत."

गादीवाल्याचा प्रश्न मला आत्ता कळला. मी म्हटलं, "भाऊ, माझ्या लक्षातच आलं नाही. आणि आता तो कापूस... त्याने सगळा एकाच ढिगात पिंजला हो. तुमच्या बाजूचा, त्यांच्या बाजूचा, सगळा मिसळला."

भाऊंनी वर पाहिलं. "मिसळला?"

"सगळा."

मग त्यांच्या खांद्यांना हसू आलं. "म्हणजे जे आम्हाला सव्वीस वर्षांत जमलं नाय ते तुम्ही एका रविवारी केलंत."

पुढच्या रविवारी आम्ही दोन्ही गाद्या गच्चीवर नेल्या. मी यादी करून आणली होती, पण तीत दोनच वस्तू होत्या, दाभण आणि मेणाचा दोरा. दोन्ही गाद्या कडेला कड लावून ठेवल्या. भाऊंनी टाके घातले, मी दोरा ओढून धरला. टाके वाकडे पडले. मी एकदा उसवायला सांगितलं.

"राहू द्या," भाऊ म्हणाले. "इस्त्रीवाला हाय मी, शिंपी नाय. शिवण मधे आली ते बरं झालं. आता अंधारातसुद्धा कळेल, कुठून तिची बाजू लागते ते."

चारच्या आत गादी खाली आणली.

सोमवारी सकाळी सातला वाफ आली. मी शेवटची बादली नळाखाली ठेवली तोच हाक ऐकू आली, "यादीबाय, जरा आत या." मी हात पुसत गेले. "पायथ्याला हात घालून बघा. पूर्वीसारखी तापते काय? मला माझं कळत नाय."

मी गोधडीखाली हात घातला. माझी बोटं नळाच्या पाण्याने बधिर झाली होती. आत ऊब होती, इस्त्रीच्या कापडाचा वास असलेली, खोल, शांत. ती मनगटापर्यंत चढली, कोपरापर्यंत आली. मला तिथेच डोकं टेकावंसं वाटलं. तोंडातून आपोआप बाहेर पडलं, "हाऽऽ."

भाऊंनी पटकन भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सात अठ्ठावीस.

"बरं आहे," ते हळूच म्हणाले. "आता हात काढा. ऊब जाते."

मी हात काढला आणि गोधडीची कड गादीखाली नीट दाबली. बाहेर माझा नळ चालू राहिला होता आणि बादली भरून वाहत होती. भाऊ दाराशी जाऊन त्या पाण्याच्या आवाजाकडे कान देऊन उभे होते. मी लगेच गेले नाही. म्हटलं, वाहू दे दोन मिनिटं.