वज्रनाद बँडच्या रिक्त जागा

तारनाक्याच्या आमच्या सह्यमित्र मराठी मंडळाच्या घटनेत पॉवर मेटल बँडची तरतूद नव्हती. ही गंभीर उणीव आम्ही १९९५ साली दूर केली.

पॉवर मेटल म्हणजे तलवारी, ज्वालामुखी आणि उडते राक्षस यांच्यावरची गाणी. ती मालगाडी सुटल्यासारखी वाजवायची आणि वर गायकानं छताला हात लावल्यासारखा सूर लावायचा. आमच्याकडे गौतम गायचा, ओमकार गिटार वाजवायचा, सुधीर ड्रम बडवायचा. बँडचं नाव 'वज्रनाद'. पोरं मंडळाच्या सभागृहात सराव करत आणि शेजारी तक्रार करत. अध्यक्ष एकनाथरावांनी बँडला मंडळाची उपसमिती करून टाकलं. त्या दिवसापासून तो गोंगाट राहिला नाही, उपक्रम झाला.

'लोहगरुड' ही पहिली कॅसेट आबिड्सच्या दुकानांत चक्क विकली गेली. आता गौतमला एकच हवं होतं. 'ज्वालामुखी' हे स्वतः रचलेलं नऊ मिनिटांचं गाणं त्याला पुढच्या कॅसेटवर गायचं होतं. त्यातला शेवटचा सूर ऐकून माझ्या अंगावर काटा यायचा. मी मंडळाचा चिटणीस असूनही हे मनापासून सांगतो.

मग सुधीर अमेरिकेला गेला. सन दोन हजार उजाडलं की तिथले संगणक बंद पडणार होते आणि ते वाचवणं ड्रमपेक्षा निकडीचं होतं. गौतमनं सिकंदराबादहून एक तरबेज ड्रमवाला आणला, पण तो सभासद नव्हता. कलम अकरानुसार उपसमितीतली रिक्त जागा सर्वांत ज्येष्ठ आजीव सभासदाला जाते. ते होते हिम्मतराव, वय एकोणसत्तर.

"काका, तुम्हाला ड्रम येतात?" गौतमनं विचारलं.

"येत नै रे. पण खुर्चीवर बसता येतं की! छत्तीस वर्षं हापिसात दुसरं काय केलं?"

"नक्को काका, गाणं बरबाद होईल!"

"हौ, पण नियमानं होईल ना."

दुसरी कॅसेट निघाली, 'लोहगरुड (सुधारित)'. तीत ड्रमचा आवाज एकदाच येतो, तो हिम्मतरावांचा चष्मा झांजेवर पडला तेव्हाचा. 'ज्वालामुखी' पुढे ढकलण्यात आलं.

पुढच्या वर्षी ओमकारची गिटारपदाची मुदत संपली. त्याला शाल-श्रीफळ दिलं. समितीत महिला प्रतिनिधी नसल्याचं एकनाथरावांच्या ध्यानात आलं आणि ते पद इंदुताईंना गेलं. त्या घरून पेटी घेऊन आल्या. घटनेत 'वाद्य' एवढंच लिहिलेलं असल्यामुळे छाननीत आक्षेप निघाला नाही. तिसरी कॅसेट 'लोहगरुड भावसंध्या' आम्ही संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून वाटली. एका दुपारी तीनशे प्रती संपल्या. मंडळाच्या इतिहासात इतकं यश कुठल्याच उपक्रमाला मिळालं नव्हतं.

आता गायकपद उरलं होतं. १९९९च्या वार्षिक सभेत त्याची निवडणूक आली. गौतमनं अर्ज भरला आणि म्हणाला, "चिटणीसकाका, फक्त ह्या वेळी. 'ज्वालामुखी' झालं की मी स्वतःहून सोडतो." मी त्याची पाठ थोपटली.

"गायकपदासाठी गौतम," मी वाचलं. "सूचक, इंदुताई. अनुमोदक?"

सभागृहात एकशे चाळीस माणसं होती. एकही हात वर झाला नाही.

"अरे यारो, एक हात तरी उठवा!" गौतम ओरडला. त्यातही त्याचा सूर पक्का लागला.

"अनुमोदनाअभावी अर्ज बाद," एकनाथराव म्हणाले. मग माइकवर बोलण्याचा तीस वर्षांचा अनुभव असल्यामुळे गायकपद त्यांनीच स्वीकारलं. टाळ्या झाल्या.

सभेनंतर जो तो गौतमजवळ जाऊन सांगत होता, पोरा, तुझ्यासारखा गळा अख्ख्या शहरात नाही. तो प्रत्येकाला एकच विचारत होता, "मग हात का नै उठवला?" मलाही त्यानं विचारलं. मला फार वाईट वाटलं आणि मी खरं ते सांगितलं. नेमके त्याच वेळी बटाटेवडे आले होते. एका हातात बशी, दुसऱ्या हातात वडा. शिवाय इतकी माणसं होती, कुणीतरी उठवेलच असं वाटलं.

तुम्ही हसताय. हसा. पण मागच्या सभेत तुमच्या बशीत काय होतं, तेवढं आठवून पाहा.