बारा-दहाची प्रत

साहेब टापटिपीचे भोक्ते होते. जाता जाता दुसऱ्याच्या टेबलावरच्या पेन्सिलीसुद्धा सरळ करत. तेव्हा बस आगाराच्या ऑफिसात अडगळभाऊंवर त्यांची नजर पडणार, हे ठरलेलंच होतं. अडगळभाऊ म्हणजे तिथले संगणक सांभाळणारे गृहस्थ. दर तासाला, तास उलटून बरोबर दहा मिनिटं झाली की, ते ऑफिसातल्या सगळ्या फायलींचा बॅकअप घेत. आठ वर्षांत त्यांनी त्यातलं काही म्हणून पुसलं नव्हतं. त्या दिवशी सकाळीच साहेबांनी आदेश टाइप केला : पाचच्या आत बॅकअपची डिस्क रिकामी करावी. पोटच्या पोरासारखी सांभाळलेली डिस्क! दुपारी भाऊंनी डबासुद्धा उघडला नाही.

साडेतीनला एक ड्रायव्हर नव्या वेळापत्रकाचा कागद नाचवत आत आला.

“बाई, माझी शाळेची गाडी रात्री अकराला सुटणार म्हणे! पोरं काय चांदण्या मोजायला जाणार?”

वेळापत्रक करणाऱ्या बाईंनी फाईल उघडली आणि कपाळाला हात लावला. वेळांचा रकाना पहाटेपासून रात्रीपर्यंत ओळीने लागला होता आणि शेजारच्या गाड्या मात्र जागच्या हलल्या नव्हत्या. तीन आठवड्यांची मेहनत पाण्यात! आणि चारला छापखान्याचा माणूस येऊन दारात उभा राहणार होता.

“कोणाचे हे उद्योग?” साहेब गरजले. “सापडू दे, आजच्या आज बदली करतो!”

“आधी वेळापत्रक सापडू दे, साहेब,” असं म्हणून अडगळभाऊंनी एक आज्ञा टाइप केली. बॅकअपचा सगळा साठा एखाद्या साध्या ड्राइव्हसारखा पडद्यावर उघडला. दर तासाचं एक फोल्डर, तारीखवार, आठ वर्षांचं.

“बघा! म्हणूनच डिस्क तुंबते!” साहेब म्हणाले.

“नाही हो. दर वेळी बदललेलं तेवढंच ठेवतो. पण कुठलंही फोल्डर उघडा, त्या घटकेचं अख्खं ऑफिस दिसतं.”

“मग कालचं घ्या आणि मोकळे व्हा.”

“कालचं नको!” बाई कळवळल्या. “आज सकाळी मी तीन फेऱ्या नव्याने बसवल्यात. कारखान्यातून उशिरा सुटणाऱ्या बायकांची गाडी त्यातच आहे. ती गेली तर बिचाऱ्यांना पायी घर गाठावं लागेल.”

भाऊ आजच्या फोल्डरांत शिरले. दहा-दहाला एकच नवी फेरी होती. अकरा-दहाला दोन. एक-दहाला सगळाच गोंधळ, कारण तेव्हा बाई दाढ दाखवायला गेल्या होत्या आणि संगणक उघडाच होता. भाऊंनी बारा-दहाचं फोल्डर उघडलं. तिन्ही फेऱ्या हजर, वेळाही जिथल्या तिथे! बाईंनी टाळीच वाजवली. भाऊंची छाती दोन इंच फुगली.

साहेबांनी चष्मा सरसावला. “सापडलं ते ठीक आहे. पण या वेळा किती विस्कटलेल्या आहेत हो! थांबा, ओळीने लावून देतो.”

कोणी काही म्हणायच्या आत त्यांनी माउस ओढून रकाना ओळीने लावला आणि सेव्हचं बटण दाबलं. संगणकाने साफ नकार दिला : ही प्रत फक्त वाचता येईल.

ऑफिसातले सगळे साहेबांकडे बघत होते.

“साहेब,” ड्रायव्हरने आदबीने विचारलं, “बदली कुठल्या आगारात?”

साहेब तडक केबिनमध्ये गेले. चारच्या ठोक्याला छापखान्याचा माणूस बारा-दहाची प्रत घेऊन निघाला. साहेब बाहेर आले ते थेट भाऊंच्या टेबलापाशी.

“तो डिस्कचा आदेश मी डिलीट केलाय. तसा आदेश कधी निघालाच नव्हता, समजलं?”

“दहा-दहाच्या फोल्डरात आहे, साहेब. वाचून दाखवू?”

साहेबांनी भाऊंची पेन्सिल सरळ केली. मग पुन्हा वाकडी केली.

“तुम्हाला आणखी एक डिस्क हवी होती ना?”

“दोन,” भाऊ म्हणाले आणि त्यांनी डबा उघडला.