रिव्हर्सची गोळी

त्या दिवशी मी एवढंच म्हटलं, "अहो, दिवसभर माझ्या मागेमागे फिरून भांड्यांची जागा बदलण्यापेक्षा एखादा छंद तरी लावून घ्या." एवढंच. ह्या एका वाक्यापायी घरात हॉस्पिटलची पाळी येईल असं कुणी सांगितलं असतं, तर मी भांडी त्यांच्याच हवाली केली असती.

मेलबर्नला तेव्हा पुन्हा लॉकडाऊन लागला होता. आमचे हे, म्हणजे विश्राम, एअरपोर्टवर विमानात सामान चढवायचे. विमानंच उडेनात, म्हणून घरी. मी तर घरीच असते. आमची वर्षभराची लेक मधुवंती घरी. आणि परभणीला आई एकटी. तिकडून फोन यायचा तो बहुतेक कोण गेलं हे सांगायलाच. पुढे पुढे मी 'हॅलो' म्हणायचंच सोडून दिलं, फोन उचलला की 'कोण?' एवढंच विचारायचे.

तर ह्यांनी छंद लावून घेतला. पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही, मग धडधाकट गाडी ठेवायची कशाला, असा विचार करून आमची छोटी गाडी विकली आणि कुणा म्हाताऱ्याकडून साठ सालची अमेरिकन गाडी आणली. आकाशी रंग, स्टीअरिंग डाव्या बाजूला, मागे माशासारखे दोन पंख. आमच्या ट्रुगानिना उपनगरातल्या घराला जेवढं अंगण आहे, तेवढी तर तिची डिकीच होती.

गाडी रुबाबात आली, सरळ गॅरेजात शिरली, तिचं नाक भिंतीला टेकलं आणि शेपूट बाहेर राहिलं. दार लागेना.

"थांब, मागे घेऊन जरा तिरकी लावतो," हे म्हणाले.

तेव्हा आम्हाला कळलं, की गाडी मागे जातच नाही.

"त्याने सांगितलं नाही तुम्हाला?"

"तो म्हणाला, शी इज अ ब्यूटी, मेट."

"मागे जाते का, हे विचारलं नाहीत?"

"असं कोण विचारतं?"

(मी विचारलं असतं. मी लग्न ठरतानाही बरंच काही विचारणार होते, पण वडील म्हणाले गप्प बस.)

म्हणजे आता घरात गाडी होती, ती चालू होत होती, पुढे जात होती, आणि पुढे भिंत होती. भिंतीच्या पलीकडे माझा स्वयंपाकघराचा ओटा. मी पोळ्या लाटायला उभी राहिले की इंजिनची घरघर ओट्यातून पोटात जायची. पोरीला काही झालं तर कशाने नेणार, ह्या विचाराने मला झोप लागेना. तसं मला आधीही कशाकशाने झोप लागत नव्हतीच, पण आता ठोस कारण मिळालं.

मेकॅनिक घरी बोलवायची सोय नव्हती. मग ह्यांना वॉलॉंगॉंगला राहणारा मित्र अनुप आठवला. तो शिकत असताना गॅरेजात काम करायचा. तो फोनच्या पडद्यावरून शिकवू लागला.

"वहिनी, ह्या गाडीला क्लच नाही. सगळं तेल करतं. तेलाचा दाब ज्या वाटेने जाईल तो गिअर पडतो. ती वाट ठरवणारा एक भाग असतो, व्हॉल्व बॉडी. तो चिकट होऊन बसला असेल. काढा, धुवा, परत लावा. नो वरीज."

ह्यांनी गाडीखाली झोपून लाल तेल काढलं (अर्धं टोपात, अर्धं अंगावर, मी दार उघडलं तर वाटलं खूनच झाला) आणि तो भाग घरात आणला. गॅरेजात ऑगस्टची थंडी, म्हणून जेवणाच्या टेबलावर ठेवला. ह्यांचं इंजिनिअरिंगचं शिक्षण झालंय, ते नुसते बघत राहिले. मी सातवी शिकलेली, मीही बघत राहिले. पण माझे वडील पाटकरी होते, कालव्याचं पाणी शेतांना सोडायचे. त्या पत्र्यात नुसत्या चाऱ्याच चाऱ्या होत्या, आणि जागोजागी दारं. मी म्हटलं, "हे दार धरलं की पाणी ह्या वावरात, ते धरलं की त्या वावरात. रिव्हर्सच्या वावराला पाण्याचं बारं मिळत नाहीये."

"करेक्ट!" अनुप फोनमधून ओरडला. "आता वहिनीच बसवतील सगळं. दादा, तुम्ही टॉर्च धरा."

इथे माझ्या डोक्यात हवा गेली. पुढचं सगळं त्या हवेमुळे झालं.

त्या चाऱ्यांमध्ये स्टीलच्या बारक्या गोळ्या असतात, मटारएवढ्या. आमच्या गाडीत सहा होत्या. एकही हरवली तर गाडी चालायची नाही, असं अनुपने बजावलं होतं. वर उचलताना त्या पडू नयेत म्हणून व्हॅसलीन लावून चिकटवायच्या. घरात व्हॅसलीन एकच, मधूच्या लंगोटाच्या जागी लावायचं. ते घेतलं. ह्यांची बोटं जाड, म्हणून गोळ्या मी बसवत होते. मधू टेबलाखाली मुरमुरे वेचत होती.

तेवढ्यात आईचा फोन. तिकडे भल्या पहाटेची वेळ.

"कोण?" मी म्हटलं.

"जाईबाई," आई म्हणाली.

जाईबाई आमच्या गल्लीतल्या. मी जन्मले तेव्हा मला त्यांनीच न्हाऊ घातलं होतं. मधूच्या वेळी येते म्हणाल्या होत्या, पासपोर्टसुद्धा काढला होता. विमानं बंद झाली. "न्यायला चारच माणसं होती," आई म्हणाली, "तीपण दवाखान्याची." मी पदराने, म्हणजे जॅकेटच्या बाहीने, डोळे पुसत राहिले. नंतर टेबलाशी आले तर गोळ्या पाचच.

टेबलाखाली पाहिलं. मधू काहीतरी चावत होती. मी बोट घालायच्या आत तिने गिळलं आणि हसली.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. ह्यांनी हेल्पलाइनला फोन लावला, स्पीकरवर.

"बाळाने काय गिळलं?" नर्सने विचारलं.

"गिअरबॉक्समधली गोळी."

"घरात अशा बारीक वस्तू अजून आहेत का?"

"एक अख्खी गाडी आहे," हे म्हणाले.

तिने एक्स-रे काढायला सांगितलं. आमच्याकडे गाडीचं इंजिन गॅरेजात, गिअर जेवणाच्या टेबलावर आणि तेल टोपात. टॅक्सी बोलावली. सरदारजी आले, मास्कच्या वरून गॅरेजातून बाहेर आलेली शेपटी बघत म्हणाले, "भाभीजी, गाड़ी तो खड़ी है आपकी!"

"वो सिर्फ आगे जाती है, भैया."

"तो आगे ले जाओ."

"आगे दीवार है."

त्यांनी मागचं दार उघडलं.

हॉस्पिटलात एकालाच आत सोडत होते. पोर माझ्या गळ्याला मिठी मारून बसलेली, म्हणून मी गेले. हे बाहेर पार्किंगात थंडीत. माझं इंग्रजी दुकानापुरतं. डॉक्टरीणबाई काय विचारत होत्या ते निम्मं कळत नव्हतं, आणि मास्कमुळे त्यांचा चेहरा वाचायची सोय नव्हती. मी नुसतं म्हणत राहिले, "बॉल. कार. माय बेबी." एक्स-रेच्या खोलीबाहेर बसून मी मनात जाईबाईंना सांगत होते, तुम्ही आला असतात तर हे झालं नसतं. मग वाटलं, आल्या असत्या तर आज इथे असत्या तरी.

डॉक्टरीणबाईंनी फोटो दाखवला. माझ्या लेकीची एवढीएवढीशी हाडं, पोटात हवा, आणि काही नाही. कुठेच गोळी नाही.

"ऑल क्लिअर," त्या म्हणाल्या. मी तिथेच इतकी रडले, की त्यांनी माझंच ब्लडप्रेशर तपासलं.

घरी आलो. गोळी काही सापडेना. सोफा उलटा केला, डाळींचे डबे चाळले, व्हॅक्युमची पिशवी उकरली. नवी अमेरिकेहून मागवायची तर पोस्टाचा भरवसा नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मधूचा डायपर बदलायला घेतला आणि मी किंचाळले. आत गोळी! चकचकीत!

"निघाली! निघाली हो!" मी आधी परभणीला फोन लावला, मग अनुपला. एक्स-रे खोटा ठरला, आईचं काळीज खरं ठरलं, असंसुद्धा म्हणाले. आईने गल्लीभर सांगितलं, की नातीने अमेरिकन गाडी पचवून दाखवली. दारांच्या कडीला लिमलेटच्या गोळ्यांच्या पिशव्या अडकवून तिने घराघरात वाटल्या.

हे डायपर खिडकीपाशी नेऊन उजेडात निरखत होते.

"भावना, सकाळी हिला व्हॅसलीन कुणी लावलं?"

"मीच."

त्यांनी डबी उघडून दाखवली. मधोमध गोल खड्डा होता, मटारएवढा. काल फोन वाजला तेव्हा माझ्या हातातली गोळी डबीत बुडाली, आणि आज मीच ती लेकीला लावली होती.

"आईंना सांगतेस का खरं?"

मी फोन हातात घेतला. तेवढ्यात आईचाच आला. "कोण?" म्हणायच्या आत ती हसत म्हणाली, "अगं, मधूची गोष्ट ऐकून जाईबाईची सून हसली आज. जेवलीसुद्धा." मी म्हटलं, बरं झालं. आणि दुसरंच बोलले.

गोळी उकळली, बसवली, तेल भरलं. ह्यांनी दांडा रिव्हर्सवर टाकला आणि गाडी अशी सुळकन मागे आली, की मी टाळ्या वाजवल्या. अंगण ओलांडून ती रस्त्यावर आडवी आली. मग हे पुढे घ्यायला गेले. इंजिन गुरगुरलं, गाडी हलली नाही. पुन्हा. नाहीच.

"एक गोळी चुकीच्या जागी बसली असणार," फोनमधून अनुप म्हणाला. "कुणी बसवल्या?"

ह्यांनी फोन माझ्याकडे फिरवला.

चार माणसं लावून आम्ही ती रस्त्याच्या कडेला ढकलली. पुढच्या आठवड्यात मधूच्या लशीला जायचं होतं, तर तेच सरदारजी आले.

"अरे वाह, निकल गई गाड़ी!"

"हाँ भैया. अब सिर्फ पीछे जाती है."

त्यांनी मागचं दार उघडून धरलं. "किसने ठीक की?"

"इन्होंने," हे माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले.

लग्न झाल्यापासून चारचौघांत ह्यांनी माझ्या कामाचं श्रेय मला दिलं, ते त्या दिवशी पहिल्यांदा.