व्हर्लिनला बोलवा

माझ्या स्वभावात मत्सर नावाची गोष्टच नाही. माझ्यावर विश्वास ठेवू नका, मॅडिसन शहरात ज्याच्या घरी रेडिओ आहे त्या कोणालाही विचारा. मी लोवेल ब्रँडवोल. आमचं स्टेशन उदारमतवादी, आणि त्यावर सकाळी नऊ ते बारा मी बोलत असे. कामगाराला रास्त पगार, सगळ्यांना औषधपाणी, युद्ध बंद करा, आणि जे काही आहे ते चौघांत वाटून खा, हा माझा रोजचा पाठ. ‘ज्याच्याकडे जास्त आहे त्याने जरा सरकून बसावं’ हे माझं वाक्य तर लोकांनी गाड्यांच्या मागे चिकटवलं होतं.

मग एके दिवशी आमची कार्यक्रमप्रमुख ग्रेटा व्होगेल हिने मला तिच्या खोलीत बोलावलं, दार लावून घेतलं आणि म्हणाली, “लोवेल, जरा सरकून बस.”

मला वाटलं, खुर्चीबद्दल बोलतेय. मी सरकलोसुद्धा.

“खुर्ची नाही रे. वेळापत्रक बदलतंय. सकाळ आपण नाडीनला देतोय. तू दुपारी एक ते तीन.”

दुपारी एक ते तीन. त्या वेळी अर्धं शहर जेवून पेंगत असतं आणि उरलेलं अर्धं दातांच्या डॉक्टरकडे आ वासून बसलेलं असतं. आणि ही नाडीन काझमार्क कोण, तर शेजारच्या मिलवॉकी शहरातली एक नर्स. नर्सांचा संप तिने चालवला, तेव्हा दोन-चार वेळा रेडिओवर बोलली, एवढाच तिचा अनुभव.

“तिचं लोक ऐकतात,” ग्रेटा म्हणाली.

“आणि माझं?”

“तुझं ऐकून घेतात.”

मी मोठ्या मनाने हसलो. नाडीनच्या टेबलावर फुलांची कुंडी ठेवली. कुंडी जरा वाळलेली होती, पण भावना महत्त्वाची.

घरी माझी बायको मार्लिस गोधड्या शिवते. दिवसभर शिवणयंत्र आणि शेजारी रेडिओ. माझा कार्यक्रम चालू असताना तिने इतक्या गोधड्या शिवल्या आहेत की अख्ख्या गल्लीला हिवाळ्यात पुरतील. नाडीनच्या पहिल्या दिवशी मी सहज, अगदी सहज विचारलं, “कशी बोलते गं?”

“अरे, आज एक टाकासुद्धा घातला नाही मी,” मार्लिस म्हणाली. “हात थांबवून ऐकतच बसले.”

मी ताट तसंच सारून उठलो, त्याला मत्सर म्हणू नका. दुपारचं जेवण बाधलं असेल.

यावर मी जो उपाय काढला तो इतका बिनतोड होता की माझा मलाच अभिमान वाटला. नाडीनच्या कार्यक्रमात फोन करायचा, पण लोवेल म्हणून नाही. शहराबाहेरचा एक म्हातारा गाईवाला म्हणून करायचा. तो करांच्या नावाने बोटं मोडणारा, सरकारचं नाव काढलं की थुंकणारा, आमच्या विचारांचा कट्टर विरोधक. त्याने तिला चार प्रश्नांत गप्प करायचं आणि वर म्हणायचं, ‘यापेक्षा तो लोवेल बरा होता.’ विरोधकानेच माझी किंमत सांगितली की ग्रेटाचे डोळे उघडतील. त्याचं नाव ठेवलं व्हर्लिन.

घरचा किंवा खिशातला फोन वापरला तर नंबरावरून पकडला जाईन, म्हणून तलावाकाठी मासेमारीचं सामान विकणारं एक दुकान आहे, त्याच्या बाहेरच्या पैसे टाकून बोलायच्या फोनवर गेलो. आवाज बदलायला ताज्या चीजचा एक गोळा गालात धरला. तलाव गोठलेला, वारा कानात सुया टोचतोय, आणि गाल फुगवून मी उभा.

“मी व्हर्लिन बोलतोय. तुझं एक अक्षर मला पटत नाही, पोरी.”

“मग ऐकता कशाला, व्हर्लिनकाका?” नाडीन म्हणाली.

हा प्रश्न मी गृहीत धरलाच नव्हता. “गाईंना आवडतं,” मी म्हणालो.

ती खळखळून हसली. हसणं खरंच छान होतं, हे मी मान्य करतो. माझ्या स्वभावात मत्सर नाही म्हणून सांगतो.

“लोवेल होता तेव्हा दूध जास्त देत होत्या,” मी मुद्द्यावर आलो. “त्याला परत आणा.”

“लोवेल छानच बोलतात. मीसुद्धा ऐकायचे. बरं, तुमच्या गाईंपैकी लाडकी कोण? नाव काय तिचं?”

आता मला सांगा, थंडीने मेंदू गोठलेला असताना माणसाला कुठलं नाव सुचणार? मी आयुष्यात एकाच नावाने हाका मारत आलोय.

“मार्लिस,” मी म्हणालो.

“कशी आहे मार्लिस?”

“डोळे टपोरे. शांत आहे. पण एकदा दारात अडून उभी राहिली की मग कोणाच्या बापाचं ऐकत नाही.” मग का कोण जाणे, पुढे बोलून गेलो, “ती जरा वेळ दिसली नाही तर मला गोठ्यात करमत नाही.”

संध्याकाळी सूप पिताना मार्लिस म्हणाली, “आज रेडिओवर एक म्हातारा होता. त्याच्या गाईचं नाव मार्लिस.”

सूप माझ्या नाकात गेलं. “राग आला असेल ना तुला?”

“राग कसला? किती मायेने बोलत होता तिच्याबद्दल. तू बोललायस माझ्याबद्दल असं कधी चारचौघांत?”

चारचौघांत काय, सबंध जिल्ह्यापुढे बोललो होतो, तेही त्याच दिवशी. पण सांगणार कोणत्या तोंडाने? त्यात गाय होती.

इथेच थांबायला हवं होतं. पण नाडीन अजून गप्प झाली नव्हती, म्हणून मी दुसऱ्या दिवशी परत गेलो. मग तिसऱ्या. आजारपणाच्या विम्यावर व्हर्लिन आणि नाडीन इतके कडाकडा भांडले की भांडण ऐकायला लोकांनी गाड्या रस्त्याकडेला लावल्या म्हणे. व्हर्लिन तिच्या प्रत्येक मुद्द्याला नाक मुरडायचा, आणि शेवटी ती कुणा पेशंटची गोष्ट सांगायची, की व्हर्लिन घसा खाकरून म्हणायचा, “तरीही कर वाढवू नका.” लोकांना हे भयंकर आवडलं. व्हर्लिनचा फोन आला नाही तर लोक स्टेशनला फोन करून त्याची तब्येत विचारू लागले.

माझ्या दुपारच्या कार्यक्रमात अखेर फोन वाजायला लागले. मी खूश होऊन उचलले, तर प्रत्येकाचा एकच प्रश्न, “व्हर्लिन सकाळी बोलला ते ऐकलंत का?”

“मला तो माणूस ढोंगी वाटतो,” मी एका बाईंना सांगितलं.

“तुम्हाला त्याचा हेवा वाटतो का हो?” त्या बाई म्हणाल्या. थेट प्रक्षेपणात.

मी माझ्या स्वभावाविषयी सविस्तर खुलासा करायला लागलो. मध्येच कधीतरी त्यांनी फोन ठेवला होता.

मग मार्लिसने व्हर्लिनसाठी बदामाचं क्रिंगल भाजलं. आमच्याकडे ही गोल, पदरापदराची, आत बदाम भरलेली गोड रोटी करायला दोन दिवस लागतात. माझ्या वाढदिवसाला ती दुकानातून आणते. हे क्रिंगल तिने माझ्याच हातात दिलं. “स्टेशनवर नेऊन ठेव. तो म्हातारा कधी आला तर त्याला द्या म्हणावं.”

ते मी स्टेशनच्या फ्रीजमध्ये ठेवलं आणि दुपारी सुरी घेऊन त्याच्यासमोर उभा राहिलो. कायद्याने बघाल तर ते माझंच होतं. एवढ्यात मागून नाडीनचा आवाज आला.

“लोवेल, ते व्हर्लिनकाकांचं आहे.”

“मी फक्त बघत होतो.”

“सुरी घेऊन?”

मी सुरी धुऊन ठेवली.

त्यानंतर ग्रेटाने पुन्हा खोलीत बोलावलं आणि पुन्हा दार लावलं. दार लावल्याबरोबर मी आपणहून सरकलो.

“वेळापत्रक बदलतंय,” ती म्हणाली. “एक ते तीन व्हर्लिनला द्यायचं ठरलंय. तुला रविवारी पहाटे पक्ष्यांबद्दल बोलायला देऊ. तुला पक्षी आवडतात ना?”

“कोणाला देणार? अगं, तो आपल्या विचारांचा नाही. कर नको म्हणतो, युनियन नको म्हणतो. उदारमतवादी स्टेशनवर तो?”

“‘जो विरोधी मताला जागा देत नाही तो उदार कसला?’ हे कोण म्हणायचं?”

मीच म्हणायचो. आठवड्यातून एकदा तरी.

“पण तुला तो मिळणार कुठे?”

“आज सकाळी नाडीनच्या कार्यक्रमात जाहीर केलंय. ‘व्हर्लिन, असाल तिथून या,’ म्हटलं.”

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी उभा राहिलो, कोट नीट केला आणि म्हणालो, “ग्रेटा, व्हर्लिन कुठून येणार नाही. व्हर्लिन मी आहे.”

मला वाटलं होतं, ती ओरडेल, नाहीतर हसेल. तिने तसलं काही केलं नाही. उठून माझ्यासाठी पाण्याचा ग्लास भरला.

“खरंच सांगतोय. ऐक.” मी व्हर्लिनचा आवाज काढला. “‘तुझं एक अक्षर मला पटत नाही, पोरी.’”

“अजून घोगरा आहे त्याचा,” ग्रेटा हलकेच म्हणाली. “आणि तो असा नाटकी बोलत नाही. लोवेल, तुला किती लागलं असेल ते मला कळतं. थोडे दिवस सुट्टी घे.”

माझ्या लक्षात आलं की गालात चीज नाही. मी तसाच धावत कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो, चीज घेतलं, दोन गोळे गालात भरले आणि धापा टाकत परत आलो. दारातच थबकलो. ग्रेटाच्या खोलीबाहेरच्या बाकावर एक म्हातारा बसला होता. कानांवर येणारी टोपी, बुटांना शेण, हात फावड्यासारखे. एका बाजूला नाडीन त्याचा हात हातात घेऊन बसलेली, दुसऱ्या बाजूला ग्रेटा. तिचा चेहरा उजळलेला.

“लोवेल, ये. हे आपले व्हर्लिन.”

म्हातारा उठला. “तुमचा कार्यक्रम मी ऐकतो,” तो म्हणाला. “गाईंना आवडतो.”

आवाज कसला, खडीवरून ट्रॅक्टर जावा तसा. काय सांगू तुम्हाला, मी एवढे दिवस तो आवाज काढत होतो, पण इतका अस्सल व्हर्लिन मला एकदाही जमला नव्हता. मला ओरडून सांगायचं होतं की हा तोतया आहे. पण तोंड चीजने भरलेलं, त्यामुळे नुसतं ‘हूं हूं’ झालं.

“लोवेल भारावलेत,” नाडीन म्हणाली, आणि फ्रीजमधून क्रिंगल काढून तिने म्हाताऱ्यापुढे ठेवलं. त्याने निम्मं तिथेच संपवलं.

नंतर ग्रेटाला एकटीला गाठून मी पुन्हा सांगून पाहिलं. तिने सुट्टी वाढवून दिली.

म्हाताऱ्याचा कार्यक्रम सुरू झाला. मी घरी सोफ्यावर, मार्लिस यंत्रापाशी. यंत्र बंद, हे सांगायला नकोच. तो हवामानावर बोलला, करांवर बोलला, मध्येच दोन मिनिटं काहीच बोलला नाही, तर तेसुद्धा लोकांना आवडलं. मग कुणीतरी फोन करून विचारलं, “मार्लिस कशी आहे?”

मी ताठ बसलो. आता याची पंचाईत होणार. याला मार्लिस काय माहीत?

“मार्लिस गेली,” म्हातारा म्हणाला. “मागच्या महिन्यात. वय झालं होतं.”

मार्लिसने कात्री खाली ठेवली आणि गोधडीच्या कोपऱ्याने डोळे पुसले. “बिचारा,” ती म्हणाली. “आता त्याला कसं करमणार?”

आता मात्र हद्द झाली. माझी वेळ घेतली, माझं क्रिंगल खाल्लं, तिथवर मी सोसलं. पण माझ्या मार्लिसला परस्पर मारून टाकायचा याला अधिकार कोणी दिला? मी गाडी काढली आणि स्टेशनच्या आवारात जाऊन उभा राहिलो. कार्यक्रम संपवून म्हातारा आपल्या गाडीकडे चालला होता. मी त्याची वाट अडवली.

“तुम्ही व्हर्लिन नाही,” मी म्हणालो. “मला पक्कं ठाऊक आहे. कसं ते विचारा.”

त्याने किल्ल्या खिशात ठेवल्या आणि माझ्याकडे नीट पाहिलं. नजरेत भीती नव्हती, राग नव्हता. आजाऱ्याला बघायला आल्यासारखा उभा होता.

“तुम्हीच व्हर्लिन आहात,” तो म्हणाला. “हेच ना?”

माझा जीव भांड्यात पडला. “म्हणजे तुम्हाला माहीत होतं?”

“ऐकवा बघू जरा.”

मी घसा साफ केला, डोळे मिटले आणि त्या थंडीत, त्या मोकळ्या आवारात, जीव ओतून व्हर्लिन ऐकवला. विमा, कर, गाई, सगळं. डोळे उघडले तेव्हा म्हातारा मान हलवत होता. त्याने पुढे येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“मनाला लावून घेऊ नका, साहेब,” तो म्हणाला. “या आठवड्यातले तुम्ही तिसरे. पण काल चर्चबाहेर जो भेटला होता ना, त्याचा आवाज तुमच्यापेक्षा बरा होता.”