आधी बेंच

ताईच्या पत्राला मी उत्तर पाठवलं नव्हतं, याचं कारण आळस नव्हे. मी उत्तराच्या पूर्वतयारीत होतो.

ताई माझी थोरली बहीण. तिला फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून ती अजून पत्रं लिहिते आणि माझे केस पांढरे झाले तरी मला लहानपणच्याच नावाने हाक मारते. पत्र छोटं होतं. "पुस्तक्या, गुडघे आता पलंगावर चढू देत नाहीत. लेकीने हौसेने घेऊन दिलेला हा पलंग घोड्याएवढा उंच आहे. प्लास्टिकचं स्टूल आणलं, पण ते पाय ठेवला की सटकतं, एकदा आपटले. वीतभर उंचीचं, रुंद, न सटकणारं लाकडी स्टूल तू करून दिलंस तर बरं होईल. घाई नाही. तोवर मी खुर्चीत झोपते आहे."

'घाई नाही' आणि 'खुर्चीत झोपते आहे' ही दोन वाक्यं अगदी शेजारीशेजारी होती. सारी हयात ग्रंथालयात काढलेल्या माणसाने दोन्ही वाचायला हवी होती. मी पहिलंच वाचलं.

तिने हे काम मला सांगायचं कारणही मीच. निवृत्तीच्या समारंभात भाषण सुचेना, तेव्हा मी "आता सुतारकाम करीन म्हणतो" असं एक वाक्य बोलून खाली बसलो होतो. सहकाऱ्यांनी ते खरं मानून मला रंधा, करवत आणि पटाश्यांचा संच भेट दिला. नातेवाइकांत बातमी पसरली. त्या दिवसापासून मी नातेवाइकांच्या दृष्टीने सुतार होतो. फक्त लाकडाला त्याची कल्पना नव्हती.

पत्र येताच मी कामाला लागलो, म्हणजे पुस्तकं आणली. सुतारकामावरच्या सगळ्या पुस्तकांचं पहिलं प्रकरण एकच निघालं: 'भक्कम वर्कबेंच'. ज्यावर लाकूड ठेवून कापायचं, तासायचं, ठोकायचं, ते टेबल आधी भक्कम हवं. डगमगत्या टेबलावर केलेली वस्तू जन्मभर डगमगते, असं सर्व लेखकांचं एकमत होतं. शेवटी बारीक अक्षरात तळटीप होती: 'वर्कबेंच तयार करण्यासाठी वाचकाजवळ एक भक्कम वर्कबेंच असावा.' ती मी पुन्हा पुन्हा वाचली. छापलेल्या गोष्टीवर शंका घ्यायची मला सवय नाही. शंका मी स्वतःवर घेतो.

"अहो, चार फळ्या आणि मूठभर खिळे," बायको म्हणाली. "त्यात एवढं वाचायचंय काय?"

"तसं नसतं ते."

"मग कसं असतं?"

"आधी बेंच असतो."

मी वखारीत गेलो. वखारवाल्याने पाय किती जाड हवेत विचारलं. मी दोन्ही हातांनी दाखवलं.

"पूल बांधताय का काका?"

"नाही. बेंच."

"बसणार कोण त्याच्यावर?"

"बसायचं नाही. त्यावर स्टूल करायचंय."

"बरं, मग स्टुलावर कोण बसणार?"

"कुणी नाही. त्यावर चढायचंय."

"चढून?"

"झोपायचंय."

त्यानंतर त्याने काही विचारलं नाही. लाकूड मात्र स्वतः गाडीत चढवून दिलं आणि "जपून जा हं" असं दोनदा म्हणाला.

गॅरेजमध्ये मोटार एका कडेला सरकवून मी बेंच उभा केला. पाय तुळयांसारखे, वरची फळी जाड, मागची बाजू भिंतीत बोल्ट घालून आवळलेली. बेंच हलता कामा नये, हे पुस्तकांत जाड ठशात होतं. वरच्या भिंतीवर हत्यारं टांगायला खुंट्या ठोकायच्या होत्या, तर माझा हात पोचेना. उंचीच्या बाबतीत देवाने माझ्यावर फारसं लाकूड खर्च केलेलं नाही. म्हणून उरलेले तुकडे घेऊन, जमिनीवर फतकल मारून, लाकूड पायात धरून, मी उभं राहण्यापुरता एक ठोकळा ठोकला आणि कामाला लागलो. पुस्तकात त्याला प्रकरण नव्हतं, त्यामुळे ते काम मी कामात धरलं नाही.

बेंच तयार झाला त्याच आठवड्यात वसाहतीचे चिटणीस पाहणीला आले. सोबत खजिनदार आणि आमच्या समोर राहणारे दंतवैद्य. दंतवैद्य समितीवर तांत्रिक सल्लागार होते, कारण त्यांच्याकडे यंत्रं होती.

"हे काय आहे?" चिटणीसांनी विचारलं.

"बेंच."

"वस्तू आहे की बांधकाम?"

"म्हणजे?"

"हलतं का? हललं तर वस्तू. न हललं तर बांधकाम. गॅरेजमध्ये बांधकामाला परवानगी नाही."

खजिनदार आणि दंतवैद्यांनी मिळून बेंच ढकलला. दोघांचे चेहरे लाल झाले. बेंच जागचा हलला नाही. आयुष्यात मी केलेली गोष्ट प्रथमच कुणाच्या तरी कसोटीला उतरत होती. माझ्याने राहवेना.

"बघा!" मी म्हणालो. "जरासुद्धा हलत नाही!"

चिटणीसांनी टिपून घेतलं: 'गॅरेजधारकाने बांधकाम झाल्याचे स्वतःहून कबूल केले.'

आता माझी अडचण अशी झाली, की बेंच हलत नाही हे पुस्तकाला पटवायचं होतं आणि हलतो हे समितीला. रात्रभर विचार करून मी भिंतीतले बोल्ट काढले आणि बेंचच्या पायांना चाकं बसवली. दुसऱ्या दिवशी रंधा मारायला घेतला. पहिल्याच हाताबरोबर बेंच दाराकडे निघाला. मी त्याच्या मागे रंधा मारत मारत फाटकापर्यंत पोचलो.

बायको खिडकीत होती. "कुठे निघालात?"

"रंधा मारतोय!"

"जेवायच्या वेळेला परत या."

समिती पुन्हा आली. चिटणीसांनी एका बोटाने बेंच ढकलून पाहिला आणि समाधानाने मान हलवली. "छान. आता हे बांधकाम नाही."

"म्हणजे वस्तू?"

त्यांनी नियमांची पुस्तिका चाळली. "चाकं आहेत. आणि गॅरेजमध्ये आहे. म्हणजे वाहन."

"पण हा बेंच आहे हो."

"तो तुमचा खाजगी समज झाला. एका गॅरेजला एक वाहन. मोटार बाहेर काढा."

मोटार रस्त्यावर गेली. बेंचला वाहन क्रमांक मिळाला आणि एक गोल स्टिकर मिळाला. स्टिकर वाहनाच्या दर्शनी काचेवर लावावा, असा नियम होता. बेंचला काच नव्हती. मी अर्ज केला. 'काच बसवून घ्यावी' असं उत्तर आलं. मी बेंचच्या वरच्या फळीएवढी काच कापून आणली, फळीवर बसवली, आणि तिच्यावर स्टिकर लावला. फार देखणा दिसायला लागला बेंच. अडचण एवढीच, की आता त्यावर काही ठोकता येईना.

"ताईंचं स्टूल?" बायकोने विचारलं.

"आता काचेवर ठोकायचं का?"

"काच काढा ना मग."

"विनाकाच वाहन ठेवता येत नाही."

ती काही बोलली नाही. आमच्या संसारात तिचं न बोलणं हा सर्वांत लांब परिच्छेद असतो.

उपाय एकच होता: ओबडधोबड कामासाठी दुसरा बेंच. पण एका गॅरेजला एक वाहन. मी विशेष मंजुरीसाठी अर्ज केला. अर्ज समितीपुढे गेला, समितीने उपसमिती नेमली, आणि उपसमितीने आधी पहिला बेंच नीट पाहायचं ठरवलं. इथे प्रकरणाला वेगळंच वळण लागलं. उपसमितीला बेंच आवडला.

दंतवैद्यांनी महिन्याभरात स्वतःच्या गॅरेजमध्ये बेंच केला. मग खजिनदारांनी. मग कोपऱ्यावरच्या बँकवाल्या साहेबांनी तयार बेंच मागवला, त्याला खण होते. वसाहतीतल्या मोटारी एकेक करून रस्त्यावर आल्या आणि गॅरेजांत बेंचच्या काचांवर स्टिकर झळकायला लागले. संध्याकाळी मंडळी एकमेकांच्या गॅरेजात जमून बेंचवरून हात फिरवत.

"तुमच्यापेक्षा माझा जड आहे," दंतवैद्य म्हणायचे.

"जड असेल. पण कोन बघा. गुण्या लावून बघा!" खजिनदार म्हणायचे.

'यावर करणार काय?' असं विचारणं असभ्य समजलं जाई. एकदा बँकवाल्यांच्या बायकोने विचारलं होतं. सगळ्यांनी तिच्याकडे असं पाहिलं, की पुढच्या बैठकीला तिने चहा पाठवला नाही. बेंचप्रेमी मंडळ स्थापन झालं आणि मला अध्यक्ष केलं गेलं. मी चारचौघांत बोलताना अजून चाचरतो. मला नाही म्हणायचं होतं. पण 'ना' वर मी इतका अडखळलो, की तेवढ्यात टाळ्या झाल्या.

मी मान्य केलं पाहिजे, मला ते आवडायला लागलं होतं. सारा जन्म मी दुसऱ्यांची पुस्तकं लोकांच्या हातात दिली. आता लोक मला 'बेंचकाका' म्हणत, जाडी विचारत, मी सांगे आणि ते टिपून घेत. रोज सकाळी मी त्या ठोकळ्यावर चढून खुंट्यांवरची हत्यारं पुसत असे. एकही बोथट झालं नव्हतं.

मग ताईचं दुसरं पत्र आलं.

"पुस्तक्या, स्टूल राहू दे. खुर्चीची सवय झाली. पायांना सूज येते, पण ती वयानेही येतेच. तुझं उत्तर नाही म्हणून जीवाला घोर लागलाय. तुझी तब्येत बरी आहे ना रे?"

मी पत्र घेऊन गॅरेजमध्ये गेलो. बेंचजवळ उभा राहिलो. काचेत माझाच चेहरा दिसत होता, आणि कपाळावर स्टिकर होता. थोड्या वेळाने बायको आली. तिने माझ्या हातातलं पत्र घेऊन वाचलं.

"दुसऱ्या बेंचची मंजुरी या बैठकीत यायला हवी," मी म्हणालो. "आली, की लाकूड आणतो. बेंच झाला, की लगेच स्टूल."

ती खुंटीवरचा दिवा लावायला गेली. तिचाही हात पोचत नाही. तिने पायाने ठोकळा पुढे ओढला, त्यावर चढली, दिवा लावला, आणि उतरता उतरता थांबली. पुन्हा चढली. टाच आपटून पाहिली. मग खाली उतरून वाकली आणि ठोकळ्याला उभी वीत लावली.

"अहो, हे काय आहे?"

"ते? ते काही नाही. खुंट्या ठोकताना लागलं म्हणून केलं होतं."

"कधी?"

"सुरुवातीलाच."

"हलत नाही, सटकत नाही. वीतभर आहे. रुंद आहे." ती माझ्याकडे बघत राहिली. "स्टूल अजून कसं असतं?"

"अगं, पण ते बेंचवर केलेलं नाही."

"मग कशावर केलंत?"

"जमिनीवर बसून."

 मग पदराने ठोकळ्यावरची माझ्या चपलांची धूळ पुसायला लागली. मी म्हणालो, पॉलिशचा निदान एक हात तरी देतो. तिने वर पाहिलं. मी पॉलिशचा विषय मागे घेतला.

स्टूल कागदात गुंडाळून, सुतळीने बांधून फाटकापाशी ठेवलं, तर चिटणीस आडवे आले. त्यांच्याही गॅरेजमध्ये आता बेंच आहे.

"काय नेताय?"

"स्टूल. बहिणीसाठी."

"अरे वा! पहिलंच म्हणायचं आपल्या वसाहतीतलं! कुठल्या बेंचवर केलंत?"

"जमिनीवर."

त्यांचा चेहरा उतरला. "बघा बुवा," ते म्हणाले. "उद्या मोडलं, तर मंडळाचं नाव जाईल."

उत्तर मी बेंचवर लिहिलं. काच असल्यामुळे अक्षर चांगलं आलं. "ताई, माझी तब्येत उत्तम आहे. सोबत स्टूल पाठवतो आहे. ते तुझं पहिलं पत्र आल्यावर थोड्याच दिवसांत तयार झालं होतं. पाठवायला उशीर झाला, कारण मी त्याच्यावर उभा होतो. आज रात्री पलंगावर झोप. तुझा, पुस्तक्या."

आणि मग, वाचकहो, पाकीट बंद करून मी काय केलं असेल? मंडळाच्या वार्षिक अंकासाठी अध्यक्षांचे दोन शब्द द्यायचे होते, म्हणून हे सगळं लिहायला बसलो. पार्सल दाराशी, पाकीट त्याच्यावर. म्हटलं, आधी एवढं लिहून होऊ दे.

"काय लिहिताय?" बायकोने आत्ताच दारातून विचारलं.

"ताईला स्टूल पाठवायला उशीर का झाला, ते."

तिने पार्सल उचलून माझ्या मांडीवर ठेवलं.

पोस्टात जाऊन आलो. पार्सल दिलं. पत्र पेटीत टाकलं, आणि ते खाली पडल्याचा आवाज येईपर्यंत झाकणाला कान लावून उभा राहिलो. बेंचवर तयार झालेली एकच वस्तू मागे उरली आहे, ती तुमच्या हातात आहे. ती वाचायला बसण्याआधी तुम्हीही काहीतरी करायला उठला होता, असा माझा अंदाज आहे. ज्याच्यासाठी उठला होता, तो माणूस सध्या कुठे झोपतो, एवढं फक्त बघून घ्या.