तळाचा गाळ आणि हुशार मांजर

आर्णीच्या शकील मिस्त्रीच्या अंगणात त्या आठवड्यात एक सायकल उलटी उभी होती आणि तिच्या मागच्या चाकाला प्लॅस्टिकच्या चार नळ्या बांधल्या होत्या. नळ्यांत मेलेल्या अळ्यांचं पाणी होतं. शकीलची मुलगी गझाला शेतकी कॉलेजात शिकत होती आणि तुरीच्या शेंगा पोखरणाऱ्या अळीला मारणारा विषाणू घरीच वेगळा काढत होती. रोगानं मेलेल्या दोनशे अळ्या तिनं पंधरा दिवस बरणीत कुजवल्या होत्या. त्या वासानं घरची मांजरसुद्धा शेजारच्या सुखीबाईकडे राहायला गेली होती.

पुढच्या शुक्रवारी तिच्या कॉलेजातले राठोड सर घरी येणार होते. विषाणूनं डब्यात पाळलेल्या धडधाकट अळ्या मारल्या, तर ते गझालाचं नाव मोठ्या प्रयोगशाळेसाठी पाठवणार होते. नाही मारल्या, तर तिची आई शमा बरणीसकट सगळं नाल्यात टाकणार होती.

खातूनबी, म्हणजे शकीलची आई, बाजेवर बसून हे पाहत होत्या. त्या शाळेत दोनच यत्ता शिकलेल्या, पण त्यांना न विचारता या घरात दूधही उतू जात नसे.

गझालानं पाणी मलमलीतून गाळलं. शकीलनं पायडल हळूच मिनिटभर फिरवलं.

"खाली बसला तो कचरा," गझाला म्हणाली. "तो फेकायचा, वरचं पाणी ठेवायचं."

"एवढ्यासाठी कॉलेजात जावं लागते?" खातूनबी म्हणाल्या. "तूप कढवताना मी दुसरं काय करते?"

मग तेच वरचं पाणी पुन्हा नळ्यांत भरलं आणि शकीलनं घाम निथळेस्तोवर अर्धा तास चाक गरगरवलं. तेवढ्यात सरांचा फोन आला. नेटवर्क गच्चीवरच मिळतं, म्हणून गझाला वर पळाली. शकील पाणी प्यायला आत गेला.

या दुसऱ्या फेरीत उलटं असतं, विषाणूच तळाला बसतो, हे खातूनबींना कोणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी पाहिलं, नळ्यांच्या तळाशी राखाडी गाळ. पोरांना टापटीप कधी येणार? त्यांनी वरचं पाणी नीट बाटलीत भरलं, गाळ पाण्याच्या बकेटीत झटकला, त्याच पाण्यात नळ्या ब्रशनं घासल्या. पाणी वाया घालवणं त्यांना पटत नसे. दिवस मावळता मावळता त्यांनी ते बकेटभर पाणी घरामागच्या तुरीच्या ओळीवर झाडूनं शिंपडून टाकलं.

गझाला खाली आली आणि चकचकीत नळ्या पाहून मटकन बसली.

"दादी, नळ्या कोनं धुतल्या?"

तिचा चेहरा पाहून खातूनबी काय ते समजल्या. पण चूक कबूल करायची त्यांना सवय नव्हती.

"मांजरीनं सांडल्या असतीन."

"आन् घासून पालथ्याही घातल्या?"

"हुशार हाय ते. ह्या घरात सगळ्यायलेच अक्कल हाय, तुह्या मायले सोडून."

नवा विषाणू काढायला रोगट अळी एकही उरली नव्हती. गझालानं वेड्या आशेनं बाटलीतलं पाणीच डब्यातल्या अळ्यांच्या खाण्यावर शिंपडलं. अळ्या आठ दिवसांत बोटाएवढ्या झाल्या.

"माह्या मटारावर पोसून राह्यल्या," शमा म्हणाली. "तुहे अब्बाही लग्नानंतर एवढे नाई सुधरले."

शुक्रवारी राठोड सरांनी डब्याचं झाकण उघडलं, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं.

"तब्येती चांगल्या आहेत," ते म्हणाले.

गझालाचे डोळे भरले. सर उठले. खातूनबींना पोरीकडे पाहवेना. पण पाहुणा रिकाम्या हातानं जाणंही त्यांना चालणारं नव्हतं.

"थांबा सर, तुरीच्या शेंगा तरी घेऊन जा."

सर त्यांच्या मागोमाग घरामागे गेले आणि पहिल्याच झाडापाशी थबकले. शेंड्याशेंड्याला अळ्या लटकत होत्या. डोकं खाली, अंग काळं आणि लिबलिबीत. दुसऱ्या झाडावर तसंच. सगळ्या ओळीवर जिवंत अळी औषधाला नव्हती.

"गझाला, इकडे ये," सरांचा आवाज चढला. "हे तर डब्यातल्या प्रयोगापेक्षा भारी आहे. तू बोलली का नाहीस? कोणी फवारलं? त्याचं नाव अहवालात लिहावं लागेल."

गझालानं झाडांकडे पाहिलं, मग दादीकडे. डोळे पुसून ती सरळ चेहऱ्यानं म्हणाली, "मांजरीनं, सर."

सरांचा पेन थांबला. खातूनबींनी पदर सावरला, एकदा खोकल्या. आठ दिवस तोंडात धरलेली गोष्ट आता काही केल्या राहीना.

"मांजर कायले फवारते? लिवा, खातूनबी शेख. दिवस मावळताना, नळ्याईतला गाळ, एक बकेट पाणी आन् झाडू."

"मावळताना, हे बरोबर," सर लिहिता लिहिता म्हणाले. "उन्हानं विषाणू मरतो. पण आजी, गाळ फेकायचा नाही, झाडावर शिंपायचा, हे तुम्हाला कसं कळलं?"

"काहून? तुमच्या कॉलेजात नाई शिकवत का?"

गझाला तोवर बरणी घेऊन लटकलेल्या अळ्या वेचायला लागली होती. कुंपणावर येऊन बसलेल्या मांजरीनं ती बरणी पाहिली आणि ती आल्या पावली सुखीबाईकडे निघून गेली.